सात रात्रींची क्रूझ आणि सहा ते अकराचा तक्ता

पत्राचा सारांश: साठीला आलेल्या एका वाचक ताई लिहितात की, यजमानांच्या निवृत्तीनिमित्त घरातली सात माणसं पहिल्यांदाच क्रूझला निघाली आहेत. नवरा-बायको, ७९ वर्षांच्या सासूबाई, मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि धाकटी मुलगी. स्पेनमधल्या बार्सिलोनाहून निघायचं, पाल्मा (स्पेन), मार्सेय (फ्रान्स), लिव्होर्नो, चिविताव्हेक्किया आणि नेपल्स (तिन्ही इटलीत) ही पाच बंदरं ओळीने करायची, एक दिवस समुद्रात काढायचा आणि परत बार्सिलोना. पैसे भरून झालेत, केबिन अजून निवडायच्या आहेत. यजमानांनी सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंतचा रोजचा तक्ता केला आहे. त्यात जहाजावरचा प्रत्येक खेळ, प्रत्येक शो आणि प्रत्येक बंदरावरची दिवसभराची सहल आहे. सून म्हणते, मला सुट्टीत झोपायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. ताईंना स्वतःला डेकवर बसून समुद्र बघायचाय, पण ‘एवढे पैसे घालून नुसतं बसायचं?’ ही बोचणी आहे, आणि बोट लागण्याची भीतीही. सगळ्यांचं मन राखून, पैसे वाया न घालवता हे सात दिवस कसे घालवावेत, असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या घरात कोणाचंच म्हणणं चुकीचं नाही, हे आधी सांगते. जपून साठवलेल्या पैशांतली मोठी रक्कम एका सहलीवर घातल्यावर काही सुटू नये असं यजमानांना वाटणं अगदी साहजिक आहे. तो तक्ता काळजीपोटी झालाय. त्यामुळे तो बाजूला फेका असं मी म्हणणार नाही. पण तो ज्या हिशोबावर उभा आहे, तो हिशोब आपण एकदा तपासून बघू.

तुम्ही पैसे भरलेत ते मुख्यतः राहण्याचे, जेवणाखाण्याचे आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात नेण्याचे. यातलं सगळं तुमच्या पदरात पडणारच आहे, घसरगुंडीवर कोणी गेलं नाही तरी. रात्री तुम्ही झोपलेल्या असताना जहाज चालतं आणि सकाळी पडदा सारला की नवीन बंदर समोर असतं. बॅग एकदाच उघडायची, कपडे एकदाच कपाटात लावायचे. सात माणसांना, त्यात एक ७९ वर्षांच्या आणि एक आठ वर्षांची, घेऊन सात दिवसांत पाच बंदरं गाडीने किंवा रेल्वेने करायची म्हटली असती तर रोजची बांधाबांध आणि रोजचं नवं हॉटेल आलं असतं. क्रूझची खरी किंमत ह्या वाचलेल्या दगदगीत आहे. तीच दगदग आपण तक्ता करून परत आणली, तर मात्र पैसे वाया गेले असं मी म्हणेन.

शिवाय मोठ्या जहाजावरचं सगळं एका माणसाने करावं अशी ते बांधणाऱ्यांचीही अपेक्षा नसते. २०२४ मध्ये प्रवासाला लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर २० डेक आहेत आणि जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. एवढ्या माणसांच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात म्हणून एकाच वेळी आठ-दहा ठिकाणी काही ना काही चालू ठेवलेलं असतं. ग्रंथालयाची वर्गणी भरली म्हणून कोणी कपाटातलं प्रत्येक पुस्तक वाचून काढायला बसत नाही, तसंच हे आहे. तुम्हाला समुद्र बघत बसायचं असेल तर तो तुमचा कार्यक्रम आहे, बाकीच्यांच्या कार्यक्रमांइतकाच खरा. जमिनीवरच्या कुठल्याही सहलीत तो मिळणार नाही.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच उघड लिहिलेली नाही पण ओळीओळीत आहे: कुटुंब एकत्र निघालं म्हणजे दिवसभर सगळ्यांनी एकत्रच असायला हवं. मला वाटतं, तुमच्या घरातली निम्मी ओढाताण ह्यातून येतेय. अनोळखी शहरात सात जणांनी पांगणं काळजीचं असतं, पण जहाजावर ती काळजी खूप कमी होते. सगळे एकाच जागी असतात आणि जेवायला परत भेटणारच असतात. मुलाला आणि धाकटीला जहाजावरच्या चढाईच्या कृत्रिम भिंतीवर चढू दे, सुनेला दहा वाजेपर्यंत झोपू दे. नातीसाठी बहुतेक मोठ्या जहाजांवर वयोगटाप्रमाणे मुलांचे क्लब असतात आणि दिवसा त्यांचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. पहिल्याच दिवशी तिचं नाव नोंदवा. तिकडे मैत्रिणी झाल्या की ती तुम्हाला विचारणारही नाही.

मात्र एक वेळ सगळ्यांची ठरलेली हवी आणि ती रात्रीच्या जेवणाची असू दे. मुख्य डायनिंग रूममध्ये रोज ठरावीक वेळेला, ठरावीक टेबल घेण्याची सोय बहुतेक जहाजांवर असते. सात जणांचं एक टेबल आत्ताच मागून ठेवा आणि सासूबाईंसाठी लवकरची वेळ घ्या. ह्याचा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कळतो. वाढणारे तेच असतात, त्यांना आजींना काय चालतं, कशाचं पथ्य आहे, खुर्ची कुठली लागते हे न सांगता कळायला लागतं. पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर ती आधी कंपनीला लेखी कळवा आणि पहिल्या रात्री टेबलावर पुन्हा सांगा. दिवसभर कोणी काय केलं ते सांगायला सातही जणांकडे काहीतरी वेगळं असेल, आणि एकत्र असल्याचं समाधान मला वाटतं तिथेच जास्त मिळेल.

आता बंदरांकडे वळू, कारण खरी दमछाक तिथे होणार आहे. तुमच्या मार्गात पाच बंदरं एकापाठोपाठ एक आहेत आणि मोकळा दिवस अगदी शेवटी. तक्त्यात लिव्होर्नोला फ्लॉरेन्स, चिविताव्हेक्कियाला रोम आणि नेपल्सला पोम्पेई असं लागोपाठ तीन दिवस लिहिलेलं असणार, बहुतेक सगळे तेच लिहितात. पण लिव्होर्नो म्हणजे फ्लॉरेन्स नव्हे, ते सुमारे ९० किलोमीटर लांब आहे. चिविताव्हेक्कियाहून रोमही ७०-८० किलोमीटर. समजा जहाज सकाळी सातला लागलं आणि संध्याकाळी सातला सुटणार असेल, तर उतरणं, जाणं, येणं आणि सुटण्याच्या तासभर आधी परतणं एवढं वजा केल्यावर हातात सहा-सात तासच उरतात. त्यातला वेळ रांगांत जातो. असे तीन दिवस ओळीने केले की चौथ्या दिवशी सगळे एकमेकांवर खेकसतात.

म्हणून ह्या तिघांतलं एकच लांबचं ठिकाण निवडा. तरुण मंडळींना रोम बघायचंच असेल तर तो दिवस रोमचा. त्यातही कोलोसियमची बाजू किंवा व्हॅटिकनची बाजू, दोन्हीतली एकच. कोलोसियमचं तिकीट वेळ ठरवून आणि नावानिशी काढावं लागतं, तेव्हा ते निघण्याआधीच काढा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, म्हणून तारीख बघून घ्या. लिव्होर्नोला फ्लॉरेन्सच्या ऐवजी पिसा घेतलं तर अंतर विसेक किलोमीटरवर येतं. कललेला मनोरा, शेजारचं कॅथेड्रल, समोरची हिरवळ, आणि दुपारी जहाजावर परत. नातीला मनोरा आवडेल.

नेपल्सचं गणित वेगळं आहे. तिथे जहाज थेट शहराला लागतं. धक्क्यावरून बाहेर पडलं की समोर जुना किल्ला दिसतो. पोम्पेई साधारण २५ किलोमीटरवर. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर बघण्यासारखं आहे यात शंका नाही, पण त्याचे रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड दगडांचे आहेत, सावली कमी आणि उन्हाळ्यात ऊन कडक. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणं कठीण. पोम्पेईतली कितीतरी उत्तम मोझेक आणि भित्तिचित्रं मात्र नेपल्सच्याच पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेली आहेत, अलेक्झांडरचं प्रसिद्ध मोझेकसुद्धा. मुलं पोम्पेईला गेली तर तुम्ही दोघी सासवा-सुना टॅक्सीने संग्रहालयात जाऊन येऊ शकता. मंगळवारी ते बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

पाल्माला कॅथेड्रल आणि त्याच्या पायथ्याचा परिसर, मार्सेयला जुनं बंदर, एवढं अर्ध्या दिवसात होतं. दोन्हीकडे जहाजाच्या धक्क्यापासून गावात जायला वाहन लागेल, त्याची चौकशी आदल्या दिवशी करा. आणि एखाद्या बंदरावर कोणाला उतरायचंच नसेल तर उतरू नये. सगळे शहर बघायला गेले की जहाज रिकामं होतं, पोहण्याचा तलाव शांत असतो, खुर्ची हवी तिथे मिळते. सासूबाईंना असा एक दिवस तुम्ही आपणहून देऊ केलात तर त्यांना बरं वाटेल. ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा’ असं म्हणायची पाळी त्यांच्यावर येणार नाही.

सहल जहाजाकडून घ्यावी की स्वतः जावं, हाही प्रश्न येईल. जहाजाची सहल महाग पडते, पण परतताना बस अडकली तर जहाज तिची वाट बघतं, किंवा पुढच्या बंदरावर तुम्हाला पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: लांबच्या ठिकाणी जहाजाची सहल, जवळच्या ठिकाणी आपलं आपण. तुमच्या मार्गावरच्या सगळ्या बंदरांत घड्याळ एकच आहे, पण ज्या वाचकांच्या मार्गात वेळ बदलते त्यांनी जहाजाची वेळ कोणती, हे उतरण्याआधी विचारून घ्यावं. फोनमधली वेळ आपोआप बदलते आणि तिथेच घोळ होतो. खाली उतरताना पासपोर्टची प्रत आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर जवळ ठेवा. ग्रीसमधल्या सँतोरिनी बेटासारख्या काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. चालायला त्रास असणारं कोणी बरोबर असेल तर असे थांबे किती आहेत, हे तिकीट काढण्याआधीच विचारलेलं बरं.

केबिन अजून निवडायच्या आहेत हे फार चांगलं झालं. बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्या. जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा टोकं सगळ्यात जास्त वर-खाली होतात आणि मध्य सगळ्यात कमी. उंचावर डोलणंही जास्त जाणवतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे उन्हाळ्यातल्या भूमध्य समुद्रात बहुतेकांना फारसा त्रास होत नाही. तरी मार्सेयच्या बाजूला, लायनच्या आखातात, मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा जोराचा वारा सुटला तर समुद्र खवळतो. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. तुमच्या आणि विशेषतः सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारूनच ती बरोबर घ्या, कारण अशा गोळ्यांनी झोप येते आणि वयस्कर माणसांचा तोल जाऊ शकतो. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये पडून राहू नका. मोकळ्या हवेत या, क्षितिजाकडे बघा, पोट अगदी रिकामं ठेवू नका.

सासूबाईंची केबिन लिफ्टच्या जवळ हवी. मोठ्या जहाजांचे कॉरिडॉर इतके लांब असतात की जेवायला जाऊन येणं हीच त्यांची रपेट होईल. चाकांची खुर्ची लागणार असेल तर आत्ताच कळवा. तलावाच्या डेकच्या बरोबर खालची किंवा थिएटरच्या वरची केबिन टाळा, खुर्च्या ओढल्याचे आवाज पहाटेपासून येतात. आणि बाल्कनीचं म्हणाल तर, ताई, ती तुमच्या केबिनला घ्या. तरुण मंडळी केबिनमध्ये फक्त झोपायला येणार, त्यांना खिडकी नसलेली चालेल. पैसे तिथे वाचवा आणि जिला समुद्र बघायचाय तिच्यावर खर्च करा.

बाल्कनी परवडली नाही तरी हिरमुसू नका. बंदराला लागायच्या आधी तासभर खालच्या मोकळ्या डेकवर जाऊन उभ्या राहा, नातीलाही उठवून न्या. एक छोटी बोट किनाऱ्याकडून येते आणि चालत्या जहाजाला चिकटून तेवढ्याच वेगाने धावायला लागते. जहाजाच्या कुशीत पाण्यापासून थोड्या उंचीवर एक दार उघडतं, दोरीची शिडी खाली सोडतात. बोटीवरचा माणूस लाटेवर बोट वर येण्याची वाट बघतो आणि नेमक्या क्षणी शिडी पकडून वर चढतो. हा बंदराचा पायलट. इथल्या पाण्याची खोली, प्रवाह, खडक त्याला पाठ असतात आणि जहाज आत घेताना कॅप्टनला तो वाट सांगतो. थोड्या वेळाने जाडजूड दोर धक्क्यावर फेकले जातात आणि एवढं प्रचंड जहाज आडवं सरकत सरकत धक्क्याला टेकतं, कारण त्याच्या नाकाडाजवळ आडवं ढकलणारे पंखे असतात. ह्याला तिकीट नाही, रांग नाही, आणि यजमानांच्या तक्त्यात मात्र हे नक्की घालण्यासारखं आहे.

पैशांचं बोलायचं तर खरी गळती वेगळीकडे असते, यजमानांनी तिकडे लक्ष द्यावं. पेयं, खास रेस्टॉरंटं, वाय-फाय, बंदरावरच्या सहली आणि दर माणशी दर दिवशी लागणारी बक्षिशी, हे सगळं बहुतेक वेळा तिकिटाच्या बाहेर असतं. पेयांचं पॅकेज घेताना दोन गोष्टी बघा. एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी ते घ्यायची सक्ती आहे का, आणि पाच दिवस तुम्ही अर्धा वेळ जमिनीवर असताना ते खरंच फिटणार का? फोन निघाल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाका, जहाजाच्या उपग्रह नेटवर्कवर रोमिंगचं बिल भलतंच येतं. प्रवास विमा मात्र टाळू नका, आणि त्यात समुद्रातून हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते वाचा. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचं बिल वेगळं येतं.

एक विषय मी कोणालाच ऐच्छिक म्हणून सांगणार नाही, तो म्हणजे सुरक्षेची कवायत. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर व्हावी लागते. आता पुष्कळ ठिकाणी व्हिडिओ बघून आपल्या जमण्याच्या जागी जाऊन नोंद केली की झालं, म्हणून लोक घाईने उरकतात. तुम्ही सातही जण एकत्र जा, आणि केबिनपासून त्या जागेपर्यंतचा जिना नातीला एकदा चालून दाखवायला सांगा. ती क्लबमध्ये असताना भोंगा वाजला तर तिला कोण आणणार, हे क्लबमध्येच विचारून ठेवा. हात धुण्याचंही तेवढंच मनावर घ्या. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला पुरेशी दाद देत नाही, साबण आणि पाणीच लागतं, बुफेत शिरण्याआधी तर नक्कीच.

आता तक्त्याचं काय करायचं? यजमानांना एकटं गाठून ‘तुमचा तक्ता कोणाला नकोय’ असं सांगू नका. सगळे एकत्र असताना प्रत्येकाने ‘हे झालं नाही तर मला चुकल्यासारखं वाटेल’ अशा दोनच गोष्टी सांगायच्या, आजी आणि नात धरून. सात जणांच्या मिळून फार तर चौदा होतील, बऱ्याच एकसारख्या निघतील. तेवढ्या तक्त्यात राहू द्या आणि बाकीचे रकाने रिकामे ठेवा. यजमानांकडे नियोजनाची हातोटी आहे, ती तिथे कामी येईल जिथे खरंच लागते: कोलोसियमची तिकिटं, शोच्या जागा (बऱ्याच जहाजांवर त्या निघण्याआधीच राखून ठेवता येतात), विमा, जेवणाचं टेबल. आणि त्यांच्या स्वतःच्या दोन गोष्टी कोणत्या, हे नक्की विचारा. सगळ्यांसाठी सगळं ठरवणाऱ्या माणसाला हे कोणी विचारत नाही. त्यातल्या एकीला तुम्ही त्यांच्याबरोबर जा, आणि तुमच्या एका निवांत तासाला त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवा.

राहिल्या दोन टोकांच्या गोष्टी. बार्सिलोनाला आदल्या दिवशीच पोचा. विमान लांबलं तर जहाज थांबणार नाही. चढताना मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनशी संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं, कागदपत्रं, पोहण्याचे कपडे आणि नातीचा एक जोड हातातल्या पिशवीत असू द्या. सासूबाईंच्या गोळ्या तर कोणत्याही परिस्थितीत मोठ्या बॅगेत नकोत. इस्त्री नेऊ नका, बहुतेक जहाजांवर ती काढून घेतात. शेवटच्या रात्री उलटं होतं: बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि चपला सातही जणांच्या बाहेर काढून झाल्यात का ते बघूनच बॅगा बंद करा. परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या.